अण्णा पडद्यावर चालले तेव्हा

मी घर सोडलं त्या दिवशी मला स्टेशनवर पोचवायला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांचीच जीप काढली होती. गंगापूर ते औरंगाबाद ही त्यांची रोजची शेअर जीप. माझी हैदराबादची गाडी दुपारची, आणि हे महाशय स्टँडवर "अजून दोन सीटा येऊ दे" म्हणत निवांत! आईनं कपाळाला हात लावला. मी रडायच्या बेतात. शेवटी बारावा माणूस आत कोंबला तेव्हा कुठं निघालो. स्टेशनबाहेर त्यांनी बसल्या जागेवरून माझी बॅग खाली दिली न् म्हणाले, "पोचलीस की फोन कर. जा आता." खाली काही उतरले नाहीत. फलाटावर दुसऱ्या पोरींचे बाप खिडकीशी उभे होते, माझ्या खिडकीशी एकटी आई.

ते का उतरले नाहीत, ते मला चांगलं ठाऊक होतं. उसाच्या ट्रॉलीवरून पडल्यापासून अण्णांचा डावा पाय अधू आहे. सातवीत असताना मी त्यांना म्हणाले होते, "तुम्ही शाळेत येत नका जाऊ. पोरी हसतेत." त्यानंतर मला कुठंही सोडायला आले की जीपमध्येच बसून राहायचे. बसलेल्या माणसाचा पाय कुणाला दिसत नाही. मला मेलीला तेव्हा बरंच वाटलं होतं, हेही इथं लिहूनच टाकते.

हैदराबादला मी ॲनिमेशन स्टुडिओत लागले. रेंडर, फ्रेम, डेडलाइन हेच दिवसभराचं बोलणं. सकाळी भाकरीऐवजी इडली. तिथल्या लोकांचं "हौ" न् "नक्को" मात्र आपल्याकडचंच, त्यामुळं जीव रमला. आई शेजारणीला सांगायची, "कॉम्प्युटरातल्या बाहुल्यांना चालायला शिकवती म्हणे आमची." माझं काम इतक्या थोडक्यात अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

मग आमच्याकडं सुपरहिरोचा पिच्चर करायला आला. वाऱ्याला वेसण घालणारी एक मुलगी, आणि तिला उडत्या जीपमधून नेणारा एक म्हातारा, लंगडा ड्रायव्हर. तो म्हातारा नेमका माझ्या वाट्याला आला. असं पात्र आलं की बाकीचे चालणाऱ्या माणसांचे व्हिडिओ शोधत बसतात. मला एकही शोधावा लागला नाही. पायरी चढायच्या आधी तो क्षणभर थांबतो, डावी मांडी हातानं दाबतो, मग कमरेतून झोल देऊन पाऊल उचलतो. त्याच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. आमचे सर म्हणाले, "ये गलती है, निकालो." मी म्हटलं, "सर, आमच्याकडं ही पक्की सीट आहे." भांडून ठेवली.

घरी यातलं काहीही सांगितलं नाही. काय सांगणार? ज्या चालण्याची मला लाज वाटली, तेच आता सगळ्या देशाला दाखवतेय म्हणून?

ट्रेलर आला न् आईचा फोन. "स्टँडवरचे ड्रायव्हर यांना म्हणायला लागलेत, काय अण्णा, आज उडायचं का? ते तू केलंस व्हय गं?"

"अण्णांनी बघितलं?"

"बघितलं की. उठले न् जीप धुवायला गेले."

अण्णा रागावले तर ओरडतात, दुखावले तर जीप धुतात.

पिच्चर लागायच्या आदल्या दिवशी मोठ्या शहरांत खास खेळ झाले. स्टुडिओत सगळे मोबाईलला चिकटलेले. लोक लिहीत होते, हिरोईन बरी आहे, पण तो लंगडा म्हातारा! हसून हसून मेलो. सरांनी पेढे वाटले. मी पेढा तसाच हातात धरून बसले. हसून मेले म्हणजे कशाला हसले? जीपला की पायाला? ते कुणी लिहीतच नव्हतं. मी रजा टाकली न् गाडीत बसले.

माझा बेत होता की अण्णांना एकट्याला न्यावं, कडेच्या सीटवर बसावं, वाईट वाटलं तर हळूच बाहेर पडावं. कसलं काय! औरंगाबादला जालना रोडवरच्या थिएटरसमोर जीप थांबली न् आतून स्टँडवरची दहा माणसं उतरली. रिकामी जीप चालवायची अण्णांना सवयच नाही. म्हटलं, झालं! आता माणसाला त्याच्याच लोकांसमोर हसतील, आणि ते माझ्यामुळं.

आत अंधार झाला. मी पडद्याकडं बघितलंच नाही, अण्णांकडं बघत राहिले. म्हातारा ड्रायव्हर पहिल्यांदा चालत आला तेव्हा सगळं थिएटर चिडीचूप. मग उजव्या हाताची सीट दिसली न् आमची अख्खी रांग शिट्ट्या मारत उठली. "अरे, ही तर आपली गाडी!" हसू फुटलं ते तिथं. पायाला कुणीच हसलं नाही. शेवटी जखमी मुलीला पाठीवर घेऊन तो म्हातारा तशाच पायानं डोंगर चढतो, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढत होतं. अण्णा मात्र दगड.

दिवे लागले. लोक उठले. अण्णा उठेनात. मी म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले. म्हणाले, "एवढं बारीक कधी बघितलंस गं? मला तर वाटायचं, मी चालाय लागलो की तू तोंड फिरवतीस."

मी भर थिएटरात लहान पोरीसारखी रडले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल दिला न् म्हणाले, "पुरे. पण तो डोंगर लई सावकाश चढला. मी असतो तर लवकर चढलो असतो."

पिच्चर चालेल की पडेल, देव जाणे. पेपरवाल्यांना गोष्ट जुनीच वाटली म्हणे. वाटू दे.

गावाकडं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, इतकी वर्षं मी सुट्टीला घरी जायची ती जीव मुठीत धरून. सातवीतलं ते वाक्य त्यांना आठवत असेल का, हाच विचार. त्यांना आठवत होतं. मलाही आठवत होतं. आता ते वाक्य आमच्या दोघांच्या मध्ये नाही, आणि घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच. परत निघाले तेव्हा अण्णांनी जीप स्टेशनबाहेर लावली, किल्ली खिशात टाकली न् माझी बॅग घेऊन फलाटापर्यंत चालत आले. भर गर्दीतून, सगळ्यांच्या देखत, माझ्या पुढं.