कुडाळकर बाईंचा तक्ता

कुडाळकर बाई माणसांना नावाने ओळखत नसत. मुलीला घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या खिडकीशी उभा राहिलो, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "स्टॅट एकशेवीस, ए मायनस. अकाउंटिंगमध्ये मात्र सी आहे, तिकडे लक्ष दे." मग मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी तिचा बाप असल्याचं सांगितलं. बापांना कोर्स नंबर नसतो, त्यामुळे त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

कुवेतमधल्या एका दोन वर्षांच्या खासगी कॉलेजात बाई रजिस्ट्रारच्या ऑफिसात होत्या. मूळच्या वेंगुर्ल्याच्या. नवरा इथेच गेला, तरी परतल्या नाहीत. अबू हलीफाला एका खोलीत एकट्या राहत. बोलणं ऑफिसात स्वच्छ इंग्रजी, आमच्याशी पुस्तकी मराठी, आणि राग आला की मालवणी. त्यामुळे त्या मालवणी बोलू लागल्या की कारकून मंडळी चहाला उठत.

आमची अडचण अशी होती. मैत्रेयीने या कॉलेजात दोन वर्षं केली होती आणि पुढची दोन विद्यापीठात करायची होती. विद्यापीठाने तिच्या वीस विषयांपैकी पाच नाकारले. म्हणजे आणखी एक वर्ष. माझं दवाखान्याच्या लॅबमधलं कंत्राट दोनच वर्षांचं उरलं होतं. त्यानंतर आम्ही परभणीला, आणि पोरीची डिग्री अर्धी इथे, अर्धी कुठेच नाही. नाकारलेल्या विषयांत ते स्टॅटिस्टिक्सही होतं. कारण काय, तर आमच्या कॉलेजात त्याचा नंबर एकशेवीस आणि विद्यापीठात दोनशेदहा. शंभराच्या घरातला विषय दोनशेच्या घरात कसा येणार, असं पत्रात सभ्य भाषेत लिहिलं होतं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "नंबर बदललो म्हणान काय गणित बदलता?" त्या म्हणाल्या. दोन कारकून उठले.

गंमत म्हणजे दोन्हीकडे स्टॅटिस्टिक्स शिकवणारे गृहस्थ एकच होते. इजिप्तचे एक प्राध्यापक सकाळी विद्यापीठात आणि संध्याकाळी आमच्याकडे, त्याच पुस्तकातून तेच धडे घेत. बाईंनी त्यांना गाडीत घातलं, आम्हा बापलेकीला मागे बसवलं आणि विद्यापीठात नेलं. तिथल्या प्रवेश अधिकाऱ्याने आमचं मनापासून स्वागत केलं, चहा दिला आणि "बुकरा" म्हणाला, म्हणजे उद्या या. असे तीन आठवडे उद्या झाले. प्राध्यापक दर वेळी अवघडून बसत. आपण एकाच माणसाचे दोन नंबर आहोत हे त्यांना कुणासमोर कबूल करायचं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात बाईंनी टेबलावर दोन्हीकडच्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. चौथ्या प्रश्नात एक फळवाला होता. पहिल्या ओळीत त्याचं नाव सालेम होतं आणि तिसऱ्या ओळीत तो सुलतान झाला होता. दोन्ही पत्रिकांत. अधिकाऱ्याने प्राध्यापकांकडे पाहिलं, प्राध्यापकांनी छताकडे. मग अधिकारी इतका हसला की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. विषय मंजूर झाला. मात्र फक्त तोच. बाकीच्या चारांसाठी वेगळे पुरावे आणा, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तक्ता करायला घेतला. दोन्हीकडचे सगळे विषय, पुस्तकं, धडे, तास, आणि शेवटच्या रकान्यात दोघांनीही वापरावा असा एकच नंबर. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं कुवेत गावी गेलं होतं, तेव्हा बाई रिकाम्या ऑफिसात एसीच्या घरघरीत धडे मोजत बसल्या. कॉलेजच्या साहेबांना आपले नंबर सोडायला नको होते. प्रतिष्ठेचा प्रश्न होता म्हणे. बाईंनी त्यांना विचारलं, की एकशेवीस हा काय तुमच्या आजोबांनी ठेवलेला नंबर आहे? साहेबांनी चार दिवस तक्ता टेबलावर तसाच ठेवला. पाचव्या दिवशी त्यांनी तक्त्यावर सही केली, फक्त स्वतःची; बाईंचं नाव कुठेच नव्हतं. विद्यापीठानेही तो मानला. सप्टेंबरात मैत्रेयीचे वीसच्या वीस विषय धरले गेले, आणि तिच्याबरोबर इतर बऱ्याच पोरांचेही.

तक्ता शिक्षण खात्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांपर्यंत गेला, त्यांना आवडला आणि ते कॉलेज तपासायला आले. तपासता तपासता त्यांनी कर्मचाऱ्यांच्या फायली मागवल्या. रजिस्ट्रारच्या ऑफिसातल्या प्रत्येकाकडे साक्षांकित पदवी हवी, असा नियम निघाला. बाईंच्या फायलीत बी.ए.ची दोनच वर्षं निघाली. तिसऱ्या वर्षाला शिकत असताना वडिलांनी स्थळ आणलं, आणि परीक्षेच्या आधी लग्न झालं होतं. पदवी नाही म्हणून बाईंना नोकरी सोडायला सांगितलं.

मैत्रेयी त्यांना म्हणाली, "आंटी, यू नेव्हर टोल्ड अस." बाई म्हणाल्या, कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळ्या पालकांच्या सह्यांचं पत्र द्यायचं ठरवलं, तर माझ्यावरच उखडल्या. नियम बरोबर आहे, म्हणाल्या. चुकीचा असता तर मीच भांडले असते. शेवटच्या दिवशी साहेबांनी काचेचं स्मृतिचिन्ह दिलं, त्यावर बाईंचं नाव चुकलं होतं. ते पिशवीत टाकून त्या तीनपर्यंत एका मुलाची फाईल जुळवत बसल्या. मी त्यांना विमानतळावर सोडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून त्यांनी मला सामान वजनकाट्यावर ठेवायला सांगितलं.

विद्यापीठातली दोन वर्षं पुरी होऊन मैत्रेयीची पदवी झाली, म्हणून वेंगुर्ल्याला फोन केला. बाईंनी आधी तिचे सगळे ग्रेड विचारले. मग सहज सांगितलं, की त्यांनी बाहेरून बी.ए.ला नाव घातलंय. जुनी दोन वर्षं धरली का, असं मी विचारलं.

"नाय धरल्यानी. अभ्यासक्रम बदललो म्हणतत." मला वाटलं, आता तक्ता निघणार. पण त्या हसल्या. "म्हटलं, ठेवा ती तुमच्याकडे. मी पयल्या वर्षापासून करतंय. आता माका मधीच उठवून लगीन कोण लावतलो?"