पांढऱ्या फुलाचा कौल

आईचा उजवा पाय कापायचा की नाही, हे ठरवायला डॉक्टरांनी आम्हाला दोन दिवस दिले होते. साखरेच्या आजारानं अंगठा काळा पडला होता आणि ते काळं वर सरकत होतं. नाही कापला तर विष अंगभर पसरेल; कापला तरी या वयात काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. आईला विचारलं तर तिनं भिंतीकडे तोंड केलं. "देवास पुसा. तो सांगेल तें करा," एवढंच ती बोलली, तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्या घराच्या जुन्या मराठीत.

जन्मभर ती हेच करत आली. एक लाल आणि एक पांढरं फूल वेगवेगळ्या पानांत गुंडाळायचं, मनात प्रश्न धरायचा, पुड्या देवापुढे टाकायच्या आणि कुणा परक्याला एक उचलायला सांगायचं. प्रश्न मोठ्यानं म्हणायचा नाही, नाहीतर कौल फुकट जातो. कोणता रंग म्हणजे काय, हेही तिच्या मनातच असायचं. आम्हाला नुसता निकाल कळायचा. मला या प्रकाराची चीड यायची. पण त्या दिवशी माझी सगळी अक्कल मीच गुंडाळून ठेवली.

माझी थोरली बहीण, अक्का, पापनाशमहून येऊन आमच्याकडे राहिली होती. आम्ही दोघं सकाळच्या बसनं तिरुवलंचुळीला गेलो. तिथल्या पांढऱ्या पिळ्ळयाराला पाण्याचा अभिषेकही चालत नाही, इतका तो गणपती नाजूक. त्याच्यापुढे एवढा जड प्रश्न टाकताना मला ओशाळल्यासारखं झालं. पुड्या अक्कानं बांधल्या होत्या, एकीत लाल कण्हेर, दुसरीत पांढरी तगर. दर्शनाला आलेल्या एका म्हातारीनं एक उचलून उघडली. तगर निघाली.

"झालं," मी म्हणालो. अक्कानं मान हलवली आणि तिला रडू फुटलं. आईच्या पायासाठी रडतेय, असं मला वाटलं. दुपारी मी इस्पितळात जाऊन सही केली.

पाय गुडघ्याखालून गेला. आई वाचली. पण अक्का माझ्याशी बोलेना. घरचं सगळं करायची, माझं ताटही वाढायची, पण माझ्याकडे न बघता. दोन महिने मी सोसलं. मग एकदा ती आईची पट्टी बदलत असताना माझा तोल गेला. "मी तुझं काय घोडं मारलंय?"

"देवानें नको म्हणून सांगितलें. तरी तू सही केलीस."

"नको? अगं, पांढरं आलं ना! पांढरं म्हणजे हो!"

"कोणीं सांगितलें तुला? लाल म्हणजे हो. कुंकवाचें लाल. पांढरें कसें शुभ होईल?"

तमिळ शाळेत आणि तमिळ मित्रांत वाढलेला मी. इथल्या देवळांत फुलं टाकताना पांढरं म्हणजे होकार, याहून वेगळं काही असू शकतं हे मला सुचलंच नव्हतं. अक्कानं घरातलं कुंकू धरलं होतं. देवळात तमिळ आणि स्वयंपाकघरात मराठी जगणाऱ्या आमच्या माणसांनाच असा घोटाळा जमतो.

आई डोळे मिटून पडली होती. तिनं अस्कं, म्हणजे सगळं, ऐकलं होतं.

"मग मीं वांचलें, तें कोणाच्या चुकीनें?" तिनं विचारलं.

आवाजात राग नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं होतं तिला. अक्का पट्टी गुंडाळत राहिली. मी औषधाच्या बाटल्या उगाच सारख्या केल्या.

देव वाट दाखवतो, हे मी अजूनही मानतो. न मानायची माझी छाती नाही. पण आता त्याचीच भीती वाटते. गेल्या आठवड्यापासून आई मला दोन फुलं आणायला सांगते आहे, एक लाल, एक पांढरं. काय विचारायचं आहे, ते सांगत नाही. फुलं मिळाली नाहीत, असं मी तिला रोज सांगतो. तिच्या खाटेजवळच्या खिडकीतून अंगणातली तगर दिसते. यंदा ती भरभरून फुलली आहे.