माझी भूक आणि आईची गोळी

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी रात्रपाळी करतं का? एक विचारायचंय.

मी माजलगावकडं एका साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. दर आठवड्याला पाळी बदलते, सध्या रात्रीची चालू आहे. सकाळी घरी आलो की अन्नाचा वास नको वाटतो. रात्री तीनला मात्र अशी भूक लागते की कँटीनचे गार वडेसुद्धा चार-चार जातात.

आज सकाळी आईनं बाजरीची भाकरी अन् वांग्याचं भरीत केलतं. "आता न्हाई, उठल्यावर खातो," म्हणून मी झोपलो.

दुपारी दोनला उठलो तर आई भिंतीला टेकून बसलेली. अंगाला घाम, हात थरथरत होते. डायबेटिसची गोळी सकाळीच घेतलेली आणि पोटात काहीच नव्हतं. पटकन गूळ चारला, तेव्हा जरा सावरली.

"कावून जेवली न्हाईस?" माझा आवाज चढलाच.

"तू उपाशी झोपलास. माझ्या घशाखाली कसं उतरंल?"

अजिबात भूक नसताना मी ताट घेऊन बसलो. पहिला घास चावेपर्यंत ती माझ्याकडं बघत राहिली. तेव्हा कुठं तिनं भाकरी मोडली.

डॉक्टर तिला म्हणतात, वेळेवर जेवा. कुणाच्या वेळेवर? सोमवारी माझी पाळी पुन्हा बदलतीय. समजावून सांगून थकलो, ती ऐकत न्हाई. तिला जेवू घालायला मी रोज भूक कुठून आणू, तेवढं सांगा.