भिंतीवरच्या स्टॅगला फुटलेली शिंगं

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांची हाडं आणि स्नायू हाताळते. करणी, नजर, भूतबाधा असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सासूबाई फोनवरून मीठमोहऱ्या ओवाळायला सांगतात तेव्हा मी 'हो हो' म्हणते आणि विसरून जाते. या सदरातले अनुभवही मी चहा पीत, हसत वाचायचे... तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

आम्ही ग्लासगोला राहतो. मी नागपूरची, नवरा मंदार पुण्याचा, फायनान्समध्ये. त्याच्या ऑफिसातल्या वरच्या मंडळींना स्टॅगच्या शिकारीचा नाद. स्टॅग म्हणजे इथलं मोठं नर हरीण. ज्या माणसाने घरात कधी झुरळ मारलं नाही, त्याला अचानक भिंतीवर शिंगांचं डोकं हवं झालं. शूटिंग रेंजवर जाऊन नेम धरायला शिकला आणि चाळिसाव्या वाढदिवसाला, ऑक्टोबरात, हायलंड्सच्या डोंगरांतली शिकारीची एक इस्टेट गाठली. मी सोबत गेले, कारण नाही म्हटलं असतं तर साहेबांचं तोंड महिनाभर फुगलेलं असतं.

आमचा गाइड डूगल, साठीचा, मोजकं बोलणारा. पण शिंगांचा विषय निघाला की थांबायचा नाही. बैलाची शिंगं एकदा आली की कायमची, स्टॅगची मात्र दर वसंतात मुळापासून गळतात आणि उन्हाळ्यात नवी फुटतात. वाढत असताना त्यांच्यावर लव असलेली मऊ कातडी असते, आत रक्त खेळत असतं, कापलं तर दुखतं. उन्हाळा संपता संपता ती वाळतात आणि नुसतं हाड उरतं. मंदारला बारा टोकांचा स्टॅग हवा होता. डूगल म्हणाला, "तो भरात आहे, त्याला हात लावायचा नाही. तुमचा तो डावीकडचा म्हातारा." त्याला दहाच टोकं होती. मंदारचा चेहरा पडला, पण दुर्बिणीतून पुन्हा पाहिल्यावर त्याला तो पसंत पडला.

गोळी नीट लागली नाही. स्टॅग मागच्या पायांवर बसल्यासारखा झाला आणि उतारावरून खाली दिसेनासा झाला. डूगलने रायफल घेतली आणि वॉकीटॉकी माझ्या हातात दिली. "मी खालून वळसा घालतो. तुम्हाला दिसला तर लगेच बटण दाबा. त्याला ताटकळत ठेवायचं नाही."

तो गेला आणि आम्हाला स्टॅग दिसला. खडकाच्या मागेच होता, दहा पावलांवर. कंबर मोडलेली. पुढच्या पायांनी उठायला बघत होता आणि खुरांनी गवत खरवडत होता. मी बटणावर बोट ठेवलं.

"अगं, थांब!" मंदार म्हणाला. "डूगल आला की मानेत गोळी घालणार. मान फाटली तर भिंतीवर काय टांगणार? मरेल आपोआप दोन मिनिटांत."

दोन मिनिटं नव्हती. पंचवीस मिनिटं होती, मी घड्याळ बघत होते. स्टॅग मंदारकडे एकदाही बघत नव्हता, माझ्याकडेच बघत होता. मला बटण दाबता आलं असतं. पुढे घरी कटकट होईल, सुट्टीचा विचका होईल, एवढ्यासाठी मी ते दाबलं नाही. याची मला लाज वाटते.

डूगल आला आणि एका गोळीत त्याने ते संपवलं. मग खरवडलेल्या मातीकडे बघत विचारलं, "कधी दिसला?"

"आत्ताच," मंदार म्हणाला.

डूगलने माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं, "आत्ताच."

पहिली शिकार झाली की गाइड त्या जनावराचं रक्त शिकाऱ्याच्या कपाळाला लावतो, अशी तिथे रीत आहे. डूगलने हात गवताला पुसले आणि तो गाडी आणायला निघून गेला. मंदारने मग स्वतःच बोटं बुडवून कपाळाला रक्त लावलं आणि मला म्हणाला, "काढ फोटो." मी काढला.

डोकं भुसा भरून यायला वर्ष लागलं. जिन्यासमोरच्या भिंतीवर ते टांगलं. त्या भिंतीपलीकडे आमचं किचन आहे. एप्रिलमध्ये एका सकाळी धप्पकन आवाज झाला. उजवं शिंग खाली पडलं होतं. दोन दिवसांनी डावं. मंदारने डोकं भरणाऱ्याला फोन करून झापलं. तो शिंग बघायला आला आणि कवटीवरून बोट फिरवत राहिला. कवटीचा तुकडा आणि त्याचे स्क्रू जागच्या जागी होते. शिंगं तुटली नव्हती... गळली होती. "हे जिवंत जनावरालाच होतं," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला. मंदारने शिंगं चिकटवून पाहिली, पण सकाळी ती पुन्हा खाली असायची.

मे महिन्यात तिथे दोन गाठी आल्या. जुलैपर्यंत वीतभर वाढल्या, करड्या लवेच्या. मी स्टुलावर चढून हात लावला. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाइतक्या गरम होत्या, आणि आत ठोके पडत होते. नाडी चुकीची मोजणं हा माझा धंदा नाही. मिनिटाला एकेचाळीस.

"ओल धरली असेल," मंदार म्हणाला. पण त्यानंतर तो जिन्यावरून खाली मान घालून जायचा.

गणपतीच्या आदल्या शनिवारी दुपारी त्याने हॅकसॉ काढला. "माणसं दर्शनाला येणार. हे असलं दिसायला नको."

"मंदार, त्यात रक्त असतं. त्याला दुखेल."

"मेलंय ते! स्टूल धर."

मी स्टूल धरलं. करवतीच्या तिसऱ्या ओढीला रक्त आलं आणि वॉलपेपरवरून खाली ओघळलं. त्याच वेळी किचनच्या बाजूने भिंत खरवडल्याचा आवाज सुरू झाला, खालच्या बाजूला, जोरात. बाहेर लख्ख ऊन होतं. मंदार घामाघूम झाला, पण थांबला नाही. "एकच राहिलंय गं, होऊ दे." खरवडणं पंचवीस मिनिटं चाललं. किचनमध्ये जाऊन पाहिलं तर टाइल्स तडकल्या होत्या आणि कोणी नव्हतं.

भिंत पुसून मी मोदकांची पिठी चाळायला घेतली. सोमवारी पाहुण्यांनी आरास आणि मोदक दोन्हींचं कौतुक केलं.

आरती झाल्यावर मी स्टुलावर चढून डोक्याला हात लावला. ठोके चालू होते. तिथूनच मी डूगलला फोन लावला. कापलेली शिंगं, रक्त, सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं तो हसेल किंवा फोन ठेवेल.

"मी आत्ता निघतो," तो म्हणाला. "चार तासांत पोचेन. फक्त एक सांगा, तो अजून जिवंत आहे का?"

मंदार जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. हातात प्रसादाची ताटली, मागे त्याचे ऑफिसातले साहेब. तो माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवत होता.

हे सगळं कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर सांगा. माझा एक हात त्या मानेवर होता आणि ती मान हाताखाली थरथरत होती.

मी डूगलला म्हटलं, "नाही."