डावीकडचं स्टिअरिंग

माझा थोरला भाऊ भिंगारला जुन्या गाड्या दुरुस्त करतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे साठच्या दशकातली एक अमेरिकन स्पोर्ट्स कार आली. मी शाळेत चित्रकला शिकवते. मला इंजिनातलं कळत नाही, रेषा कळते. लांबलचक नाक, चाकांवर फुगलेले खांदे, मागे निमुळती होत गेलेली काच आणि काचेच्या मधोमध एक उभी पट्टी. दिवे दिसायचेच नाहीत. बटण दाबलं की नाकातून फिरून बाहेर यायचे. शाळा सुटली की मी ती बघायला जायचे.

गाडी पाथर्डीला मालकाकडे पोचवायची होती. रविवारी चर्चहून आल्यावर दादा म्हणाला, "तू चल बरोबर. स्टिअरिंग डावीकडं हाय, ओव्हरटेक करताना मला समोरचं दिसत न्हाई. उजवीकडं बसून तू सांगायचं."

निघता निघता उन्हं कलली. करंजी घाटात पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर लागला. मागे एक ट्रक सारखा हॉर्न मारत होता. मागच्या काचेतल्या पट्टीमुळे दादाला तो ट्रक धड दिसतही नव्हता. अंधारून आलं होतं.

"दिवे लाव ना."

"लावतो. आधी ह्या ट्रॅक्टरच्या पुढं जाऊ दे. मोकळं हाय का?"

मी मान बाहेर काढून पाहिलं. रस्ता रिकामा होता. "जा."

गाडी झेपावली. दुसऱ्या ट्रॉलीपाशी पोचलो आणि वळणावरून बिनदिव्याची मोटरसायकल आली. मागे बाई, तिच्या मांडीवर लेकरू.

"दादा, मागं घे!"

त्यानं ब्रेक दाबला. पण मागचा ट्रक आमच्या जागेत शिरला होता. दादानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. ट्रॅक्टरवाल्यानं चाकं पार कडेच्या मुरुमात घातली. दादाच्या बाजूच्या काचेवर उसाची पानं फरफटली. माझ्या बाजूनं, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, ती बाई गेली. तिनं लेकराचं तोंड छातीशी दाबून धरलं होतं.

पुढे रुंद जागा आली तशी दादानं गाडी थांबवली. मी मागे वळून पाहिलं. मोटरसायकल घाट चढून चालली होती.

त्यानं हँडब्रेक ओढला. मग म्हणाला, "दिवे लावले असते तर त्या मोटरसायकलवाल्याला आपण दिसलो असतो. बंद नाकच बघायला लई आवडतं मला, म्हणून लावले न्हाईत." त्यानं बटण दाबलं. दिवे हळूच फिरून बाहेर आले.

"आता मी 'जा' म्हणणार नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."

"नको म्हणू."

ट्रॉल्या पुढे गेल्या तसे आम्ही त्यांच्या मागोमाग करंजीपर्यंत रांगत उतरलो. दादानं मालकाला फोन करून तिथंच बोलावलं. चहाच्या टपरीवर माणसं जमली, फोटो काढू लागली. दादा गाडीकडे पाठ करून बसला. टपरीच्या उजेडात गाडीच्या खांद्यावरून रेषा मागे वाहत गेली होती, आणि ती मला अजूनही सुंदरच दिसत होती. ती सुंदर दिसते, याचाच मला फार राग आला.