नऊचा बोळ

आमचं घर श्रीगोंद्याच्या कडंला, ऊस मोडून पाडलेल्या प्लॉटिंगमधी. घरांच्या दोन रांगा, पाठीला पाठ, आन मधी बोळ. बोळात गटार, गटाराला लागून माझा दगड. त्याच्यावरच मी पोरीला न्हाऊ घालायचे. चार महिन्याची हुती तवा.

एका सकाळी मागल्या घरच्या काकू म्हनल्या, "आगं, पंचायतीचा मानूस येतोय आज. बोळ नऊचा मोकळा पायजे. ज्याचं घर आत आलं त्याचं पाडनार."

"नऊ म्हंजी किती वं?"

"नऊ म्हंजी नऊ," म्हनल्या आन दळनाला गेल्या.

मालक ट्रॅक्टरवर, फोन उचलंना. मी चौथीतनं शाळा सोडल्याली. नऊ म्हनलं की मला एकच ठावं, सासूचं नऊवारी. वढलं दोरीवरनं. एक टोक काकूंच्या भितीला इटंखाली दाबलं, पोरीला काखंत मारलं आन दुसरं टोक घिऊन निघाले. बोळ सपला, लुगडं सपंना. मागलं दार आलं, सैपाकघर आलं, शिलिंडर मागं पडला, आन लुगडं पार पुढच्या उंबऱ्याला थांबलं.

आख्खं घर जातंय की. पाळना काढला, डबे काढले, रस्त्यावर ढीग लावला.

तेवढ्यात सासू शेळीला घास टाकून आल्या. "माह्यारी निघालीस का सगळं घिऊन?"

"आत्याबाई, आपलं घर नऊच्या आत हाय वं."

"आन माझं लुगडं का आंथरलंय? वरात यायचीय व्हय?"

पंचायतीचे सायेब आले त्ये लुगडं बघून दारातच उभे. मी रडत रडत सगळं सांगितलं, तर मानूस बाजंवर बसून हसाया लागला. "ताई, नऊ फूट. लुगड्याची तीन पदरी घडी घाला."

घातली. टेप लावला. दोन्ही सारखं भरलं, घर बोळाच्या भाईर. मी अशी हसाया लागले की हसू थांबंना.

"पर दगड आत हाय," सायेब म्हनले. "गटार काढनारा उभा कुठं राहनार? दगड हलवा."

"हलवू," सासू म्हनल्या. "आदी तिला माझं लुगडं धुऊ द्या त्याच्यावर. निम्मं गटारात लोळवलंय."

मग मी बोळात धुनं धूत बसले, आन सायेब माझी पोरगी घिऊन उभे. पोरीनं त्यांचा टेप वढून वढून तोंडात घातला. सायेब म्हनले, "उरका ताई, मला अजून चार बोळ हायेत."