सवतीचं अंग

“आणा तो पेला.”

“नाही देत. तू मागून नाही राहिली कौशल्या, ती मागून राहिली.”

“मीच मागून राहिली, आत्याबाई. परवापासून पोटात पाणी ठरत नाही. उभी झाली का डोळ्यांपुढे अंधारी येते.”

“तिलेही येत होती.” भागीरथाबाईंनी दुधाचा चांदीचा पेला पदराखाली झाकला. “भगतानं सांगितलं, दूध बंद. तिचं खाणं तोडलं का ती निघून जाईन.”

“ती जाईन का मी जाईन?”

सासूनं पेला पदराखाली आणखी आत ओढला. कौशल्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बसली होती. वैशाखातल्या नागपूरच्या सकाळी तिच्या अंगाला गार घाम सुटला होता.

ती म्हणजे रंभाबाई, वामनरावांची पहिली बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

इतवारीत भांड्यांच्या ओळीत वामनरावांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानावरच घर. कौशल्या सावनेरची, जिनिंगमधल्या मुकादमाची मुलगी. अडुसष्ट साली लग्न होऊन आली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, “काहून वं भागीरथाबाई, सून आणली का छत्रीची काडी?” त्या काळी इतवारीत दुकानदाराची बायको दारात उभी राहिली की दार भरलेलं दिसायला हवं. बारीक सून म्हणजे सासू उपाशी ठेवते, नाहीतर धंदा बसला, असे दोनच अर्थ.

म्हणून पुडी सुरू झाली. बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याकडे अंग भरायची पुडी मिळे. पिवळट, कडू. रंभाबाईलाही तीच लागू पडली होती. भागीरथाबाई पुड्या कुलपात ठेवत आणि रोज सकाळी एक स्वतःच्या हातानं दुधात कालवत. रंभाबाईच्याच पेल्यात, कारण रंभाबाईनं एका चातुर्मासात दूध सोडलं होतं आणि आठवड्याच्या आत ती गेली. दुधात जीव अडकून गेली, असं घरात बोललं जाई. लग्नाच्या दिवशीच कौशल्याच्या गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक घातला होता, दुसरेपणावर आलेल्या बायका सवतीचा मान म्हणून घालतात तसा. पिण्याआधी दुधाचं बोट टाकाला लावायचं. पहिला घोट तिचा.

वर्षाच्या आत कौशल्याचे गाल भरले. घर खूश झालं. शेजारच्या दोघीतिघींनी आपल्या सुनांसाठी पुडी मागवली.

मग ते थांबेना. हातपाय काड्यांसारखेच राहिले आणि पोट तेवढं पुढे आलं. मानेमागे मांसाची गादी आली, कोणी खांद्यावर बसावं म्हणून घातल्यासारखी. पोटावर जांभळे पट्टे उठले. आंघोळीच्या वेळी कौशल्या त्यांच्यावरून बोट फिरवी, तेव्हा तिला वाटे, हे बाहेरून झालेलं नाही, आतून कोणी नखं ओढली आहेत. भूक तर अशी की जेवून उठलं की पुन्हा पान मांडावं. आपण जेवत नाही, दुसरीच कोणी जेवते आहे, असं तिला वाटायला लागलं.

आणि तोंड बदललं. वाटोळं, लाल, डोळे बारीक. रंभाबाईचा फोटो देवघराशेजारी होता. तिच्या पेटीतली पोलकी एक दिवस सासूनं सहज काढून दिली, तर ती एका टाक्याचा फरक न करता बसली. वामनराव एकदा जेवताना म्हणाले, “रंभा, मीठ दे.” म्हणाले आणि हात ताटातच थांबला. कोराडीचा एक जुना गिऱ्हाईक कळशी तोलून घेत होता. जिन्यावरून उतरणाऱ्या कौशल्याकडे त्यानं पाहिलं आणि कळशी तराजूतच सोडून निघून गेला. दुकानात भिंतभर घासलेली पितळी भांडी. त्या दिवशी कौशल्यानं मान वर केली तर प्रत्येक भांड्यात रंभाबाई होती. त्यानंतर ती दुकानात उतरली नाही.

औषधपाणी झालं नाही असं नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता सांगितलं, “खात्यापित्या घरचं अंग आहे, वहिनी,” आणि ताकदीचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या एकानं टॉनिक दिलं, त्यानं भूक आणखी वाढली. मग भागीरथाबाईंनी भगत शोधला.

सासू भगताकडे गेली त्याच दिवशी कौशल्या मावशीकडे जाते म्हणून निघाली आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन रांगेत बसली. पदराच्या गाठीत तिनं सकाळच्या पुडीतली चिमूटभर ठेवली होती. आपल्याला काय होतं ते डॉक्टरीणबाईंना कसं सांगावं, हे तिला समजत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “माह्या अंगात दुसरी बाई भरून राहिली.”

डॉक्टरीण हसली नाही. तिनं पोटावरचे पट्टे पाहिले, मान दाबून पाहिली आणि विचारलं, “पुडी घेता का कसली?”

कौशल्यानं गाठ सोडली.

“हे तोंड तुमचं नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “या पुडीचं आहे. जडीबुटीत इंग्रजी औषध कुटून घालतात. ज्या बाया वर्षानुवर्षं खातात, त्या सगळ्या अशाच दिसायला लागतात. बहिणी-बहिणी वाटाव्यात.”

“सोडली त?”

“एकदम सोडायची नाही. शरीराला तिची सवय झाली आहे. एकदम बंद केली तर उलट्या होतील, अंगातलं बळ जाईल, जीवही जाईल. मालकांना घेऊन या, भरती व्हा. इथं हळूहळू कमी करू. तोवर एक दिवसही चुकवू नका.”

दवाखान्यातून परत येताना सायकलरिक्षात तिला रंभाबाईचा चातुर्मास आठवत राहिला. घरी आली तर सासू भगताचा निरोप घेऊन बसली होती.

वामनरावांना तिनं त्याच दिवशी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “लग्नसराई चालू आहे. आन् सरकारी दवाखान्यात आपल्या घरची बाई निजवायची? लोक काय म्हणतीन?” त्यानंतरचे दोन दिवस सासूनं दूधपुडी दिली नाही आणि तिची मान धरेनाशी झाली.

आता ते दुकानाच्या किल्ल्या घेऊन खाली निघाले होते. कौशल्यानं बसल्या जागेवरून विचारलं, “अहो, रंभाताईनं दूध सोडलं तवा त्याइले उलट्या झाल्या होत्या का?”

“झाल्या होत्या.”

“उभं राहवत होतं?”

वामनराव थांबले. “इथंच बसून राहे,” ते म्हणाले. “तू बसली तिथंच. दाराले टेकून.” मग आईकडे न पाहता म्हणाले, “दूध मांगे शेवटी. आई, तू म्हटलं, नेम मोडतो.”



“रंभाताई दूध नव्हत्या मागत,” कौशल्या म्हणाली. “पुडी मागत होतं अंग. त्याइचं मागत होतं, तसंच माहंही मागून राहिलं.”

म्हातारीनं पेला पदराखालून काढला. कमरेची किल्ली सोडली, कुलूप उघडलं, पुडी दुधात सोडली आणि बोटानंच ढवळली. गुडघ्यावर हात टेकत खाली बसून तिनं पेला कौशल्याच्या ओठांना लावला.

“पी वं, रंभा,” ती म्हणाली. “नेम मोडला त मोडला.”

वामनराव भिंतीकडे सरकले. कौशल्यानं डोळे उघडे ठेवून सगळं दूध प्यायलं. आपलं नाव कोणतं, ते तिनं सासूला सांगितलं नाही. थोड्या वेळानं दाराचा आधार घेऊन ती उभी राहिली, खुंटीवरचं लुगडं काढून घडी केली, बाकीच्या पुड्या त्या घडीत ठेवल्या.

“रिक्षा बोलवा,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी दवाखान्यात भरती होऊन राहिली. किती दिवस लागतीन ते डॉक्टरीण सांगन. तवरक स्वयंपाक आत्याबाई करतीन.”